घोडामैदानातला वाय

त्या कार्यालयात प्रत्येकाला दोन पासवर्ड होते. एक संगणकाचा, एक मेलचा. संगणकाचा बदलला तरी मेल सर्व्हरला त्याचा पत्ता नसायचा. मग माणूस कुरकुरत सर्व्हरच्या खोलीत यायचा. तिथे सर्व्हर सांभाळता सांभाळता केस पिकलेले कुलूपवाले म्हणायचे, "एका घराला दोन कुलपं, चालायचंच. बसा."

आता ते निवृत्त होत होते आणि जाण्याआधी दोन्ही कुलपांना एकच किल्ली बसवत होते. ज्याने त्याने येऊन मेलचा जुना पासवर्ड एकदा टाकायचा, मग नवा ठरवायचा. तोच दोन्हीकडे लागणार. सगळे येऊन गेले. नकाशे काढणारे नकाशेवाले तेवढे राहिले.

एकेकाळी दोघांना एक कप चहा पुरायचा. मग सर्व्हरला गारवा हवा म्हणून नकाशेवाल्यांची ही खिडकीची खोली गेली आणि 'अरे-तुरे'चं 'आपण' झालं. भांडणापेक्षा ते 'आपण'च कुलूपवाल्यांना बोचायचं. तेच घेऊन घरी जावं लागणार, हे ते धरून चालले होते.

शेवटच्या दुपारी दारात कुणीतरी खाकरलं.

"आपल्याला वेळ आहे का?"

"बसा."

नकाशेवाले खुर्चीच्या टोकावर टेकले. एका बोटाने पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला.

"आपल्या यंत्राला आम्ही कधी पटलोच नाही."

"मैदानात वाय घाल," कुलूपवाले बोलून गेले.

नकाशेवाल्यांचं बोट हवेतच राहिलं.

मेल नवा आला तेव्हाची गोष्ट. याच खिडकीशी दोघं बसले होते. कशाचीही शंका काढली की नकाशेवाले म्हणायचे, "घोडामैदान जवळच आहे." तोच शब्द त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाकला, पण 'मै' लिहिताना आयच्या जागी वाय घातला. "हे मैदान नव्हे, मयदान," म्हणून कुलूपवाल्यांनी त्यांना कितीतरी दिवस पिडलं होतं.

"तुला आठवतंय?"

"तू आधी टाक."

मेल उघडला.

"आता नवा ठरव. मी पाठ फिरवतो." तसा नियमच होता.

"ती सवय जुनीच तुझी."

कुलूपवाले भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे एका बोटाची टकटक बराच वेळ चालली.

"लागला. दोन्हीकडे."

"वाय आहे का त्यात?"

"तुला काय करायचंय, निवृत्त माणसा?" खुर्ची खिडकीकडे सरकल्याचा आवाज आला. "चहा सांग."