वर्षाच्या लग्नाची साक्ष

वर्षाचं लग्न खरं आहे, हे सिद्ध करायचं काम शेवटी अखिलाच्या गळ्यात पडलं; आणि त्या कामाला अख्ख्या तंजावुरात तिच्याइतकं नालायक माणूस शोधून सापडलं नसतं.

वर्षा तिची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी तिरुवैयारुच्या मंडपात तिचं लग्न झालं. नवरा प्रवीणकुमार टोरांटोला नोकरीत. महिनाभर राहून तो परत गेला, मधे एकदा येऊन गेला, आणि आता बायकोला तिकडं न्यायला अर्ज केला तर व्हिसा कचेरीचं पत्र आलं. पासपोर्टावर वर्षाचं आडनाव व्यंकटरमण, प्रवीणकुमारचं सांबशिव. तंजावुरच्या या जुन्या मराठी घरांतून खरं आडनाव कागदावर लिहितो कोण? बापाचं नाव मागं लावलं की झालं. लग्नानंतर पासपोर्ट बदलून घ्यायचा, तर वर्षाबाईंनी आळस केला. आता तो अधिकारी बिचारा विचारत होता की हे व्यंकटरमण कोण, ते सांबशिव कोण, आणि या दोघांचं लग्न झालंय हे आम्ही कशावरून मानायचं? फोटो, आपसातले निरोप इंग्रजी भाषांतरासह, आणि जवळच्या नातेवाइकाचं शपथपत्र. मुदत तीस दिवस. पटलं नाही तर अर्ज रद्द.

"अखिला करील," शेषम्मा, म्हणजे दोघींची आई, म्हणाली. अखिलाला विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच. ती कॉलेजच्या ऑफिसात होती, वीस वर्षं पोरांना दाखले करून देत होती, तिचं इंग्रजी कागदाला साजेसं होतं. एवढं पुरे झालं.

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती भाषांतराला बसली. निरोप इंग्रजी अक्षरांत, भाषा अर्धी मराठी, अर्धी तमिळ.

"आज काय केलीस?"

"अडई. तीन खाल्ले."

"मज ठेवलीस का?"

"ठेवले. येऊन घेऊन जावा."

आणि खाली फोटो. ताटात एक अडई, डाळ-तांदळाचा जाड डोसा, खरंच झाकून ठेवलेली. आठ हजार मैलांवरच्या माणसासाठी! मूर्ख पोरगी, असं अखिला मनात म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

दुसऱ्या पानावर वर्षाला ताप आला होता. तो सहा तास व्हिडिओ चालू ठेवून ऑफिसात बसला होता. बोलला काही नाही, नुसता बसला. मग लिहिलं होतं, "झोपेत तू खोकलीस दोनदा. उद्या डॉक्टरकडं जा."

अखिलाला हेवा वाटला. उगाच गोड शब्द कशाला वापरायचे, जळफळाट झाला तिचा. कॅनडाचा नव्हे, तिथल्या थंडीत तिला कुणी फुकट नेलं असतं तरी ती गेली नसती. तिला त्या दोन खोकल्यांचा हेवा वाटला. तिचा नवरा वरुणराव वीज मंडळात होता. माणूस वाईट नव्हता, पीत नव्हता, ओरडत नव्हता. तिच्या फोनात त्याचे निरोप होते: "सिलिंडर आला का." "उशीर होईल." "सरी", म्हणजे बरं. तिचं रेशनकार्ड, बँक, पासपोर्ट सगळीकडं अखिला वरुणराव, एका अक्षराचा घोळ नाही. लग्नाच्या सोळा वर्षांत तिच्याकडं कुणी पुरावा मागितला नव्हता, आणि मागितला असता तर तिच्याकडं द्यायला काही नव्हतं.

तीनशे पानं झाली तेव्हा तिच्या कारकुनी नजरेला एक गोष्ट दिसली. एवढ्या ढिगात प्रवीणकुमार हे नाव एकदाही नव्हतं. फोनात वर्षानं त्याचं नाव 'आमचे' असं लिहून ठेवलं होतं, आणि बोलताना नुसतं "अहो", "ऐकलांत का". नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे शेषम्मानं दोघींना लहानपणीच बजावलेलं. आता हे 'आमचे' कोण, हे त्या परक्या अधिकाऱ्याला कसं कळावं? आधीच नावं जुळत नाहीत, त्यात पुराव्यात नवऱ्याचं नावच नाही. बाई दुसऱ्याच कुणाशी बोलत असेल, असंही तो म्हणेल.

त्याच्या फोन नंबराच्या बिलाची प्रत आणि दोन ओळींचा खुलासा जोडला असता तर झालं असतं. अखिलाला ते त्याच क्षणी सुचलं. तिनं ते केलं नाही.

"अक्का, सगळं सरी आहे ना?" वर्षा रोज विचारायची.

"सरी आहे," अखिला सांगायची.

वर्षाचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. फक्त एकदा, एकदाच, या पोरीला कुणीतरी नाही म्हणावं. बाबांनी कधी म्हटलं नाही, अम्मानं म्हटलं नाही. शपथपत्रही तिनं चार ओळींत उरकलं: मी हिची बहीण, लग्नाला हजर होते, लग्न अमुक तारखेला झालं. सगळं खरं, आणि थंडगार.

मुदतीला पाच दिवस उरले. रविवारी वर्षा कागद न्यायला आली. डोळे सुजलेले.

"अक्का, नाही झालं तर?"

"तर काय? इथंच राहशील."

"एकटी नाही ग. ते म्हणतात, व्हिसा नाही मिळाला तर नोकरी सोडून येतों. इथं दुकान घालतों म्हणतात. मज तेच भय. माझ्यापायी त्यांचं सगळं जाईल."

अखिला बघतच राहिली. म्हणजे नकार आला तरी नवरा हिचाच. तिकडून सगळं सोडून येणार आणि इथल्या ईस्ट मेन स्ट्रीटला दुकान घालणार! हिच्याकडून काढून घ्यायचं म्हटलं तरी काढता येत नाही. अखिलाचा संताप असा उसळला की जे लपवून ठेवलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"त्याचं नाव का घेत नाहीस ग कधी? तीनशे पानांत एकदा तरी लिहायचं होतंस! त्या माणसाला काय कळणार कोणाशी बोलतेस?"

वर्षा पांढरीफटक पडली. "तुज कधी कळलं हे?"

"दहा दिवस झाले."

"दहा दिवस?" वर्षानं तिच्याकडं पाहिलं. ती नजर अखिलाला सोसवेना. ती उठली, जुनं शपथपत्र टराटरा फाडलं आणि नवं लिहायला बसली. वर्षा शेजारी बसून फोनची बिलं लावत होती.

सोमवारी कोर्टाजवळच्या रंजना वकीलबाईंसमोर दोघी बसल्या. रंजनाबाई ओळखीच्या, मराठी घरातल्याच. शपथ द्यायच्या आधी त्यांनी कागद मोठ्यानं वाचला, इंग्रजीतला मजकूर मराठीत सांगत. नंबराचा खुलासा झाला. आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही सोळा वर्षांत घेतलेलं नाही, हे झालं. मग त्या अडखळल्या.

"'माझ्या स्वतःच्या लग्नाचे सगळे कागद बरोबर आहेत. तरी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा मला हेवा वाटतो. त्या हेव्यापायी मी तिच्या अर्जातली एक चूक दहा दिवस लपवून ठेवली. हे मी शपथेवर सांगते.'" त्यांनी चष्मा काढला. "अखिला, हे काढायचं ना?"

"काढ, अक्का," वर्षा हळूच म्हणाली. "मज नको असलं काही."

"त्या अधिकाऱ्यानं पुरावा मागितलाय," अखिला म्हणाली. "खोट्या लग्नावर सख्खी बहीण जळत नाही. पुढची ओळ तीच आहे, वाचा."

रंजनाबाईंनी वाचली आणि शिक्का पुढं ओढला. अखिलानं सही केली.