बाद केलेला नमुना

प्रयोगशाळेत तिला सगळे काटेकोरबाई म्हणत, आणि ते नाव ती मिरवायची. मधुमेही माणसाचं मूत्रपिंड बिघडायला लागलं, की नेहमीच्या तपासणीला पत्ताही नसतो तेव्हापासून लघवीत एक प्रथिन वाढू लागतं. ते मोजण्याची नवी पद्धत तिच्या साहेबांनी बसवली होती. पडताळण्यासाठी मूत्रपिंडं ठणठणीत असलेले मधुमेही हवे होते. ठणठणीत म्हटल्यावर तिला दुसरं कोण सुचणार? नवराच.

नवरा घड्याळजी. साखर होती, पण हिच्या पहाऱ्यात तिची डोकं वर काढायची छाती नव्हती. एका सकाळी फ्रीजमधून, दुधाच्या मागून, तिनं त्याची बाटली उचलली आणि नेऊन यंत्राला लावली. आकडा असायला हवा त्याच्या चौपट आला.

काटेकोरबाईंना संशय आला तो नवऱ्याच्या वेंधळेपणाचा. घरी येऊन विचारलं, बाटली ओट्यावर किती वेळ पडून होती? तो म्हणाला, सहा दहाला भरली, सहा अकराला फ्रीजमध्ये ठेवली. पुन्हा विचारलं तर शपथेवर तेच. तिनं ऐकलं आणि मानलं नाही. वहीत लिहिलं: नमुना बाहेर राहिला, बाद. नियमानं दुसरा घ्यायला हवा होता. पण त्याच्या जागी एका सहकारणीचे काका तयार होते, आणि खरं सांगायचं तर तो आकडा तिला पुन्हा बघायचा नव्हता.

नेहमीची तपासणी पुढं तीन वर्षं सगळं ठीक म्हणत राहिली. त्या तपासणीनं तोंड उघडलं तोवर फार उशीर झाला होता. आता सातव्या वर्षी नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो आणि नवी पद्धत दवाखान्यांत सुरू होतेय. बैल गेला नि झोपा केला.

शेवटच्या अहवालासाठी साहेबांनी बाद नमुने पुन्हा तपासायला सांगितले. वहीत तिचंच अक्षर होतं. फ्रीजरच्या तळाशी नवऱ्याच्या त्याच नमुन्याची उरलेली कुपी सापडली. यंत्राला लावली. तोच आकडा.

बाहेर राहिलेला नमुनाही असा आकडा देऊ शकतो, असं तिनं मनाला बजावलं. बुडत्याला तेवढाच काडीचा आधार.

दुपारी ती डायलिसिसच्या खोलीत गेली. त्याचा एक हात नळ्यांना जोडलेला, दुसऱ्यावर घड्याळ. हे यंत्र चार तासांत अडीच मिनिटं मागं पडतं, अशी तक्रार त्यानं नर्सकडं नुकतीच केली होती. ती स्टूल ओढून बसली. वही, कुपी, आकडा, सगळं सांगून टाकलं.

"अहो, खरं सांगा. बाटली बाहेर राहिली होती ना?"

तो तिच्याकडं बघत राहिला. बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून बघायचा, तसाच.

"हो गं," तो म्हणाला. "राहिली होती. तू रागावशील म्हणून तेव्हा नाही म्हणालो."

"किती वेळ?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"ते काही आठवत नाही."

उभ्या जन्मात त्याला कधी वेळ आठवली नाही, असं झालं नव्हतं. तिनं त्याच्या मोकळ्या हातावर कपाळ टेकलं आणि नर्स बघत असतानाच ती रडू लागली.