पेटीची जागा

नवरा गेल्यापासून शिंपीणबाईंना घर खायला उठायचं. शिलाई मशीन थांबलं की सगळं चिडीचूप. घरात काहीतरी गुणगुणणारं हवं, म्हणून त्यांनी मधमाश्यांची पेटी आणली. अनुभव म्हणाल तर शून्य!

पेटी विकणाऱ्या काकांनी अंगण फिरून पूर्वेचा कोपरा दाखवला. "सकाळचं ऊन, मागे भिंतीचा आडोसा, जवळ पाणी. अजून काय पाहिजे?"

"तिथं तो बसतो," सासरे म्हणाले.

मुलाला जाऊन वर्ष झालं होतं, तरी म्हातारा त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीशी रोज गप्पा मारायचा. काका चपापले. सुनेनं सासऱ्यांचं मन राखलं. पेटी गेली मोरीमागे. तिथं ऊन नावाला नाही, ओल मात्र मुबलक. मुंग्या चढल्या, माश्या मलूल झाल्या. या मेल्या तर घर पुन्हा मुकं होणार, या विचारानं ती दिवसातून दहादा मोरीमागे डोकावायची.

शेवटी एकदा सासऱ्यांचा डोळा लागल्यावर तिनं खुर्ची आत टाकली आणि पेटी कोपऱ्यात नेऊन ठेवली. तीही भर दुपारी! निम्म्या माश्या बाहेर गेल्यात, हे तिच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी त्या परतल्या, त्या थेट मोरीमागे. पेटीचं दार जिथं होतं तेवढ्याच उंचीवर, रिकाम्या हवेत घोंघावत राहिल्या. तिनं घाबरून काकांना फोन लावला.

"काय केलंत हे, बाई! माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. आता रात्री गारठून मरतील सगळ्या."

मागे सासरे येऊन उभे होते. आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. पण ते माश्यांकडेच बघत होते.

"वाट चुकल्यात गं बिचाऱ्या. हाक मार त्यांना."

"काय म्हणून मारू?"

"त्याला मारायचीस तशी."

वर्षभर तो शब्द तिच्या जिभेवर आला नव्हता. म्हणणार तरी कुणाला? तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती म्हणाली, "अहो... कोपऱ्यात चला ना. घर तिकडे आहे आता."

एक माशी तिच्या कानावरून मागे कोपऱ्याकडे गेली. मग दुसरी. मग सगळ्याच.

आणि तिकडून, अगदी नवऱ्याच्या आवाजात, ओ आली.

सासरे लगबगीनं खुर्ची आणायला आत गेले. ती मात्र वळली नाही. तिथं नुसती पेटीच दिसली असती, तर तिला ते सोसलं नसतं.