कापडाच्या बोटाची साखर

थेंबभर रक्त घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझी आयुष्यभराची रीत. आत्ता मात्र कुणी बोट पुढे केलेलं नाही, तरी मी बोलतोय. मी ग्लुकोमीटर, रक्तातली साखर मोजणारं यंत्र. मुठीत मावेन एवढा माझा देह, एक काचेची खिडकी आणि एक बटण. बटणावरचा रंग माझ्या मालकांच्या, म्हणजे मास्तरांच्या, अंगठ्याने कधीच खाल्लाय.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे सगळेच टोप्या, हातमोजे आणि तोंडाला फडकी बांधून वावरायचे, त्यामुळे मला नेमकं कुणी घडवलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. मोजून साखर घातलेल्या पाण्याचा एक थेंब त्यांनी मला चाखवला, मी आकडा सांगितला, तो त्यांच्या आकड्याच्या जवळपास निघाला आणि माझी पाठवणी झाली. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'अचूक!' आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की आकडा शेकडा पंधरा इकडेतिकडे होऊ शकतो. खोकं सगळे वाचतात. घडीचा कागद वाचणारं माणूस मला पुढे एकच भेटलं.

ते माणूस म्हणजे मास्तरांची मुलगी. औषधाच्या दुकानात तिने माझ्याबद्दल इतके प्रश्न विचारले, की मागची रांग कुरकुरायला लागली. दुकानदार वैतागून म्हणाला, "ताई, यंत्र घ्यायचंय की त्याच्याशी लग्न करायचंय?" ती हसली, पण कागद शेवटपर्यंत वाचूनच मला पिशवीत टाकलं.

घर म्हणजे पुढे शिवणाचं दुकान आणि मागे दोन खोल्या. मास्तर कोट शिवायचे. बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. मुलगी एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला विज्ञानाच्या बातम्यांची चिरफाड करणारं सदर लिहायची. ते लिहायला ती कापड कापायच्या लांब टेबलाचा एक कोपरा अडवून बसायची. घरात तिचं नाव पडलं होतं शंकाबाई. माझी जागा त्याच टेबलावर, खडू आणि टाचण्यांच्या शेजारी.

आता गंमत बघा. सगळं आयुष्य बोटात सुया आणि टाचण्या घुसवून घेतलेला हा माणूस माझ्या इवल्याशा सुईला बघून तोंड फिरवायचा. "शिवताना टोचते ती कामाची सुई," ते म्हणायचे, "ही उगाचच टोचते." मला याचं फार कुतूहल वाटायचं. सुई तीच, बोट तेच, रक्तही तेवढंच. मग फरक कशाचा?

सकाळी इस्त्री तापेपर्यंत मास्तर मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे, आणि त्यातही पहिल्यांदा विज्ञानाच्या बातम्या. मला त्या ऐकायला आवडायच्या. शेवटी मीही कधीकाळी एक बातमीच होतो.

"ऐक गं," मास्तर म्हणायचे. "मधुमेह मुळापासून बरा होणार! शास्त्रज्ञांना यश!"

"कुणाचा बरा झाला, बाबा?"

मास्तर खालपर्यंत वाचत जायचे आणि आवाज हळू व्हायचा. "उंदरांचा."

मी टेबलावर राहायला आल्यापासून उंदरांचा मधुमेह बरा झाला, टक्कल गेलं, स्मरणशक्ती परत आली, म्हातारपणसुद्धा उलटं फिरलं. एवढा सुखी प्राणी जगात दुसरा नसेल. माणसांच्या वाट्याला मात्र 'लवकरच' हा शब्द यायचा. पाच मिनिटांत भरणारी बॅटरी लवकरच. डॉक्टरांपेक्षा हुशार संगणक लवकरच. हा लवकरच नावाचा गृहस्थ कोण आहे आणि तो येतो कधी, हे मी सेल संपेपर्यंत विचारत राहीन.

शंकाबाई मात्र नाक मुरडून थांबणारी नव्हती. प्रयोग किती जणांवर केला, नव्या वस्तूची तुलना कशाशी केली, बातमी शास्त्रज्ञाने दिली की विकणाऱ्याने, असं ती खोदून खोदून शोधायची. एखादी बातमी खरी निघाली की मात्र तिचा चेहरा असा उजळायचा, की मास्तर म्हणायचे, "बघ, हिला खोटं पकडायला आवडतं असं लोकांना वाटतं. हिला खरं सापडायला हवं असतं."

आणि एका सकाळी, तिच्याच वर्तमानपत्रात, तिच्याच सदराच्या मागच्या पानावर मथळा आला, 'सुईला सुट्टी! आता अंगठी सांगणार साखर.'

शंकाबाईने लगेच कचेरीत फोन लावला. बातमी कंपनीच्या पत्रकातून जशीच्या तशी उचलली होती. "बाबा, ही जाहिरात आहे," तिने बजावलं. पण मास्तर हुरळून गेले होते. त्यांनी एका गिऱ्हाइकाकरवी अंगठी मागवलीसुद्धा.

ती आली तेव्हा मी निरखून पाहिली. दिसायला देखणी. आतून एक हिरवा उजेड लुकलुकायचा. ना रक्ताचा थेंब, ना तो टिपणारी पट्टी. सकाळी मोबाइलवर अक्षरं उमटायची, 'सुप्रभात! तुमची साखर एकशे दहा. तुम्ही उत्तम आहात.' मास्तर ते दोनदा वाचायचे. मी कधी कुणाला सुप्रभात म्हटलेलं नाही. मी आकडा सांगतो आणि विझतो.

शंकाबाई गप्प बसते थोडीच! एका रविवारी सगळे गप्पा मारत बसले होते. मास्तर संत्री सोलून फोडी सगळ्यांना वाटत होते. तेवढ्यात तिने मला उचललं. "आज होऊनच जाऊ दे. अंगठी विरुद्ध मीटर." अंगठीने एकशे बारा सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटून बोट पुढे केलं. मी थेंब चाखला. फार गोड होता. मी तीनशेच्या वरचा आकडा दाखवला.

घराची पाचावर धारण बसली. शंकाबाईने मास्तरांना तसंच उठवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दंडाच्या शिरेतून रक्त काढून तपासलं. साखर एकशे वीसच्या आसपास होती.

"बोट टोचण्याआधी काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"संत्री सोलत होतो."

"हात धुतले होते?"

शंकाबाईने कपाळाला हात लावला. बोटावरच्या रसाची साखर रक्ताच्या थेंबात मिसळली होती. मी माझ्यापुढे जे आलं ते इमानदारीने मोजलं. मला कुणी विचारलं नाही की यात रक्त किती आणि संत्रं किती. हात धुवा, हेही त्याच घडीच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि ते तिने वाचलेलं होतं. जगाच्या यंत्रांवर शंका घेणारी ही मुलगी माझ्यावर मात्र डोळे झाकून विसंबली.

मास्तरांनी हा किस्सा मापं घेता घेता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितला. "आमची शंकाबाई तोंडावर आपटली. अंगठीचा आकडा बरोबर निघाला." एकदा बरोबर निघाला तो कायमचाच बरोबर ठरला. माझी रवानगी बटणांच्या खणात झाली. शंकाबाईने अंगठीवर लिहायला घेतलेला लेखही बाजूला ठेवला. ती शरमली होती, आणि मला तिची फार कीव आली.

खणात काळोख होता, पण ऐकू सगळं यायचं. मास्तरांची साखर कधी एकशे आठ, कधी एकशे बारा. सणसणीत गोड चहा प्यायले तरी तेच, चार जिने चढून आले तरी तेच. मला प्रश्न पडायचा, या माणसाचं रक्त असं एका जागी बसून कसं राहतं? मी ओळखायचो ते रक्त दिवसभर वरखाली धावायचं.

मास्तरांना जेवणाआधी एक गोळी असायची. ती घेतली की लगेच जेवायचं, आणि हात थरथरले, घाम सुटला की आधी साखर मोजायची, असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं होतं. त्या दुपारी मास्तरांनी गोळी घेतली आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक घाईघाईत कोट उसवून घ्यायला आलं. ते गेलं, तर मास्तरांनी पुढचं कापड पसरलं.

"अहो मास्तर, पान वाढलंय," आतून हाक आली.

"दिसत नाही का, काम चालू आहे!" मास्तर बायकोवर खेकसले. मास्तर कधी खेकसत नसत.

शंकाबाईच्या आई बाहेर आल्या. मास्तरांच्या कपाळावर घाम होता आणि कापडावरची खडूची रेघ वाकडी गेली होती. या घरात ती रेघ कुणी कधी वाकडी पाहिली नव्हती.

"काही नाही मला," मास्तर म्हणाले. जीभ जड झाली होती. त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे बघ. उत्तम आहे मी."

शंकाबाई तिच्या कोपऱ्यातून उठली. तिने मोबाइल बघितला आणि ती अडखळली. "आई, अंगठी तर एकशे बारा म्हणतेय..."

"अंगठीला काय विचारतेस? त्यांच्याकडे बघ!"

आईंनी खण ओढला. बटणं इकडेतिकडे उधळली. ओल्या फडक्याने बोट पुसलं, कोरडं केलं आणि टोचलं. मी थेंब चाखला. साखर धोक्याइतकी खाली उतरली होती. अठ्ठेचाळीस. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मी फक्त तेवढा आकडा काचेवर धरून ठेवला.

साखरेचं पाणी घोट घोट पोटात गेलं. थोड्या वेळाने मास्तरांची नजर ठिकाणावर आली आणि त्यांनी पहिल्यांदा रेघेकडे पाहिलं. "ही कुणी काढली?" त्यांनी विचारलं. आईंचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळीच टेबलाशी बसले. कोटाच्या अस्तरातला एक तुकडा कापून त्यांनी काहीतरी शिवायला घेतलं. शंकाबाई मान लांब करून बघत होती. त्यांनी एक बोट शिवलं. कापडाचं, बेताच्या जाडीचं, आत कापूस ठासून भरलेलं, टोकाशी सफाईने मुरड घातलेलं. मग अंगठी काढून त्या बोटात घातली आणि ते टेबलावर ठेवलं.

हिरवा उजेड लुकलुकला. मोबाइलवर अक्षरं उमटली. 'तुमची साखर एकशे दहा. तुम्ही उत्तम आहात.'

शंकाबाई एवढ्या जोरात हसली, की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. आईही हसल्या. "कापसाला मधुमेह नाही हो!" मास्तरही हसले, मग त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

"तुला वाटत असेल मी टोचण्याला घाबरून ही घातली," ते मुलीला म्हणाले. "तसं नव्हतं गं. तुझा हा मीटर रोज एक आकडा तोंडावर फेकतो आणि मी दिवसभर त्याच्याशी भांडत बसतो. हिच्याकडून रोज सकाळी कळायचं, की तुम्ही उत्तम आहात. माझ्या वयात असं कोण म्हणतं?"

शंकाबाईचं हसू विरलं. ती वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसली. "बाबा, मी चिडून गप्प बसले. संत्र्यामुळे माझं हसं झालं, म्हणून. मी परत तपासायला हवं होतं." त्या आठवड्यात तिने लेख लिहिला. सुरुवात अंगठीने केली नाही, संत्र्याने केली, आणि आपलं न धुतलेलं बोट सगळ्या वाचकांपुढे ठेवलं.

मी पुन्हा खडूशेजारी आलो. आता सकाळी मास्तर हात धुतात, पुसतात, बोट पुढे करतात. मी आकडा सांगतो. मग ते मला पालथा घालतात आणि बायकोला विचारतात, "कसा दिसतोय मी?" आई हातातलं काम ठेवून नीट बघतात, उगाच हो म्हणत नाहीत. "कालच्यापेक्षा बरे. पण दाढी करा." मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिडकीत कधीच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

माझे दिवस मात्र भरत आलेत. माझ्या पट्ट्या कंपनीने बंद केल्या. नवं मॉडेल आलं, जुन्याला कोण विचारतो? मी धडधाकट आहे, पण पट्टीशिवाय मी नुसता डबा. काल शंकाबाईने नवा मीटर आणला. त्याच्याही खोक्यावर ठळक अक्षरांत 'अचूक!' आहे. तिने आधी घडीचा कागद उलगडला, शेवटपर्यंत वाचला, आणि मग माझी उरलेली पट्टी काढली.

आज सकाळी मास्तरांच्या धुतलेल्या बोटाचा थेंब आम्ही दोघांनी एकाच वेळी चाखला. मी एक आकडा सांगितला, त्याने दुसरा. फार नाही, पण फरक होता. तिघंही आमच्यावर वाकली.

"कोण खरं?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही," शंकाबाई म्हणाली. हे दोन शब्द ती फार आनंदाने म्हणते. "आत्ताच शिरेतलं रक्त देऊन येऊ. संध्याकाळी कळेल."

ती वडिलांना घेऊन गेलीय. नवा मीटर शेजारी चकाकत बसलाय, त्याला कसलीच काळजी दिसत नाही. मला आहे. चूक निघण्याची नव्हे. निघाली तर निघू दे, नव्याने बरोबर सांगितलं असेल तर मास्तरांच्या दृष्टीने तेच भलं. उत्तर येण्याआधी कुणी आवरायला घेईल आणि मला विझवेल, एवढीच धास्ती आहे. म्हणून एकच विनवणी करतो. माझा सेल काढायचा तर खुशाल काढा, पण संध्याकाळी तो अहवाल माझ्यासमोर मोठ्याने वाचा, आणि मग काढा.