एकट्यासाठी कोंबडा कापत नाहीत

मी एक जुनं डालगं आहे. डालगं म्हणजे काय, असं विचारणारी मुलं हल्ली बरीच भेटतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. बांबूच्या कांबींची विणलेली मोठी पाटी. ती पालथी घालायची, आत कोंबडे झाकायचे आणि वर धोंडा ठेवायचा, म्हणजे मुंगसाला किंवा बोक्याला ती उलथता येत नाही. बाकीच्या पाट्या तोंड वर करून बसतात. त्यांच्यात धान्य पडतं, भाजी पडते, लग्नातले बुंदीचे लाडूही पडतात. माझं मात्र तोंड जन्मभर मातीत आणि डोक्यावर धोंडा. पण मित्रांनो, माझ्या भोकांतून मला सगळं अंगण दिसतं, आणि मी काही कमी बघितलेलं नाही.

मला विणलं छबूबाईनं, तिसगावच्या बाजारात. बाजाराच्या दिवशी ती कडुनिंबाखाली बसून गिऱ्हाइकांशी भांडत भांडत विणायची, तरी वीण एका ठिकाणी सैल पडायची नाही. अजिनाथ तात्यांची मंडळी, म्हणजे बायको, तेव्हा हयात होती. तिनं मला मातीवर पालथं घातलं, माझ्यावर गुडघा रोवला आणि सगळा भार टाकून पाहिला. मी हूं की चूं केलं नाही. म्हणून मी तात्यांच्या घरी आलो.

ते घर गावाबाहेर, पत्र्याचं, दारात बाभळ, बाजूला गोठा. तेव्हा घर भरलेलं असायचं असं नाही हं. दिवाळी झाली की तात्यांचा मुलगा रविराज आणि सूनबाई कोयते घेऊन ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. पण त्यांची लेक संस्कृती तात्यांजवळ राहायची, आणि आजी गेल्यावर तर या दोघांचं फारच जमलं. तात्या भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, तो कोंबड्यांनीसुद्धा संशयानं खाल्ला.

संस्कृतीचा आवडता खेळ म्हणजे माझ्याखाली लपणं. कोंबडे रानात चरायला गेले की ही आत शिरायची. तात्या सगळं अंगण धुंडाळायचे, गोठ्यात जायचे, बाभळीला विचारायचे, आमची पोर पाहिलीस का म्हणून. आतून ही फिसफिस हसायची आणि माझ्या सगळ्या कांबींना गुदगुल्या व्हायच्या. एकच अडचण होती. आत शिरायच्या आधी माझ्यावरचा धोंडा तिला उचलता यायचा नाही. दोन्ही हातांनी धरून, गाल फुगवून जोर लावायची, धोंडा जागचा हलायचा नाही. मग तात्यांना हाका मारायची. तेच धोंडा उतरवून द्यायचे आणि मग तेच तिला शोधायचे.

मग रविराजला भिंगारला एका कँटीनमध्ये कायमचं काम लागलं. खोली घेतली, संस्कृतीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. चांगलंच झालं की. पोरीची शाळा बुडत नाही, सूनबाईच्या हाताला कोयत्याचे घट्टे पडत नाहीत, एवढं मला डालग्यालासुद्धा कळतं. पण ज्या दिवशी टेम्पोत सामान चढलं, त्या दिवसापासून मला कुणी आतून गुदगुल्या केल्या नाहीत. मला फार एकटं वाटायला लागलं.  तात्याही रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायला लागले.

आता आमच्या कोंबड्यांचा हिशेब ऐका. तो जरा निराळा आहे. कोंबडी तात्यांची नव्हेच. ती शेजारच्या आक्काबाईंची. आमच्या भागात कोंबडी वाट्यानं देतात. कोंबडी एकाची, दाणापाणी आणि राखण दुसऱ्याची, पिल्लं दोघांत वाटून. या दोघांनी वाटणीतही सोय काढली होती. आक्काबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. मटण-अंडं त्या तोंडात घालत नाहीत, घरात शिजवतही नाहीत, फक्त अंडी बाजाराला धाडतात. म्हणून पिल्लं थोडी मोठी झाली, कुणाला तुरा फुटतो ते दिसायला लागलं, की दोघं माझ्याजवळ उकिडवी बसत. तलंगा, म्हणजे लहान कोंबड्या, आक्काबाईंकडे. तुरेवाले सगळे तात्यांकडे. आमच्या अंगणात म्हणूनच नुसते कोंबडेच वाढायचे.

आणि तात्या कोंबडे वाढवायचे म्हणजे नुसते सोडून द्यायचे नाहीत. बाजरी भिजवून घालायची, ताकात भाकरी कुस्करायची. जुनं शेण ओलं करून वर फुटकं मडकं पालथं घालायचं, म्हणजे सकाळी त्याखाली वाळवी जमते, ती कोंबड्यांपुढे झटकायची. वाळवी खाल्लेल्या कोंबड्याच्या मांड्या बघाव्यात. कुणी झुंजून तुरा फाडून घेतला की त्याला मांडीवर घेऊन हळद लावायची आणि वर शिव्याही द्यायच्या. हे सगळं कशासाठी, तर आखाडासाठी. आषाढाला आम्ही आखाड म्हणतो. आखाडातल्या शेवटच्या रविवारी रविराज, सूनबाई, संस्कृती सगळी यायची, दोन कोंबडे कापले जायचे आणि अंगणात पंगत बसायची. त्यानंतर श्रावण. श्रावण लागला की मटण बंद, आणि पुढं एकामागून एक सण.

तुम्ही म्हणाल, एवढे कोंबडे दारात, तर तात्यांची रोजच चैन असणार. तिथंच तर सगळी गोम आहे. तात्यांच्या घरात एकट्यासाठी कोंबडा कापत नाहीत. त्यांच्या आईनं घालून दिलेलं आहे ते. जीव घ्यायचा तर चारचौघांच्या तोंडी लागला पाहिजे, एका ताटासाठी घ्यायचा नाही. तात्यांनी ते कधी मोडलं नाही. गावात कुणी जेवायला बोलावलं तर म्हणायचे, माझी माणसं येणार हायेत, घरी कोंबडे हायेत, मी कशाला दुसऱ्याच्या पंगतीला बसू. मोठे मानी.

गेल्या आखाडाला माणसं आली नाहीत. रविराजला सुट्टी मिळाली नाही. कोंबडे तसेच राहिले, पोसले, आपसात झुंजायला लागले, आणि शेवटी दिवाळीनंतर कुणाच्या तरी जावळाच्या जेवणाला गेले. तात्या त्या जेवणालाही गेले नाहीत. म्हणजे बघा, वर्षभर कोंबड्यांना वाळवी खाऊ घालणाऱ्या माणसाच्या ताटात वर्षभर रस्सा नव्हता.

त्याच सुमाराला रविराजनं जाळीचा पिंजरा पाठवला. चकचकीत, दाराला कडी, वर उचलायला मूठ. तात्यांनी मला गोठ्यामागं टाकलं. पावसानं माझ्या दोन कांबी कुजल्या, एका बाजूला शेळीनं दात लावून पाहिले. तिथं पडून मी मनातल्या मनात पिंजऱ्याला काय काय म्हणालो ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात. पण या वर्षीच्या कोंबड्यांत एक तांबडा निघाला, तो इतका भांडखोर की पिंजऱ्यातल्या करड्या रंगाच्या दोघांना जगू देईना. मग तात्यांना माझी आठवण झाली. कुजलेल्या कांबींच्या जागी त्यांनी तार ओढली आणि तांबड्याला माझ्याखाली झाकलं. तेव्हापासून आम्ही दोघं एकटे एका जागी आहोत. तो आत फेऱ्या मारतो, मी वरून बघतो. भांडखोर असला तरी तो मला आवडतो.

या आखाडाचा शेवटचा रविवार जवळ आला तशी तात्यांनी अंगण सारवायला काढलं. फोनवर संस्कृतीनं विचारलं होतं, कोंबडे केवढे झालेत म्हणून. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन मोठ्या आवाजात लावतात, त्यामुळे मलाही सगळं कळतं. त्यांनी तिला तांबड्याचं इतकं वर्णन सांगितलं की आत तो जरा ताठ झाला. ती म्हणाली, त्याला आधी मला बघू दे, मग काय ते ठरवा.

रविवारी सकाळीच तात्यांनी कांदा-खोबरं भाजून पाट्यावर वाटण काढलं. भाकऱ्यांचं आक्काबाईंनी कबूल केलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, पाहुण्यांना तुझे नकाशे नको वाढूस. तात्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, पिंजऱ्यातला एक करडा काढून काखेत धरला, आणि फोन वाजला.

रविराज होता. कँटीनला अचानक मोठा कार्यक्रम आला होता, रजा रद्द झाली होती. संस्कृतीचाही शिकवणीचा जादा तास होता. तो वाईट मुलगा नाही, मित्रांनो, त्याचा आवाजही पडलेला होता. पण शेवटी तो म्हणाला, "तात्या, आमच्यासाठी थांबू नका. तुमी कापून खा."

तात्या म्हणाले, "बरं."

ज्या घरात तो वाढला त्या घरातलं एवढं साधं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला नाही, पण माझ्या जीवाला फार लागलं. तात्यांनी करड्याला पुन्हा पिंजऱ्यात सोडलं. कडी लावली. वाटणावर ताट झाकलं. मग माझ्याजवळ येऊन बसले ते दुपारभर उठलेच नाहीत. तांबडा आरवला तरी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दिवस कलला तशा आक्काबाई आल्या. फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्यांची चळत कमरेवर घेऊन, घामाघूम. अंगणात एकटे तात्या. आक्काबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं. पाहुण्यांचं काय झालं ते तात्यांनी थोडक्यात सांगितलं.

"मग तू का न्हाई कापलास?"

"एकट्यासाठी कापत न्हाईत आक्का. तुला काय सांगायचं."

आक्काबाईंनी भाकऱ्या उंबऱ्यावर ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि थोडा वेळ बाभळीकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, जातील आता घरी. पण त्या म्हणाल्या, "ऊठ. ताटं दोन मांड. मी बसते."

तात्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "तू? माळकरी मानूस तू."

"माळ माझ्या गळ्यात हाय, तुझ्या न्हाई. मी ताटाशी बसनार हाय, रश्शाशी न्हाई. माझी भाकरी, माझी चटनी. तुझ्या आईनं काय सांगितलं हुतं, एका ताटासाठी न्हाई म्हनून. मग झाली की दोन."

मित्रांनो, ज्या बाईनं नवरा गेल्यापासून मटणाच्या चुलीजवळ पाऊल ठेवलं नव्हतं, तिनं हे म्हटलं. तात्या उठले. करडा कापताना आक्काबाई आमच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या. भाजल्याचा वास आला तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला, पण उठल्या नाहीत. रस्सा उकळला. तात्यांनी सारवलेल्या अंगणात दोन ताटं मांडली, मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून. एकात रस्सा, एकात शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. आक्काबाईंनी आधी आपला घास मोडला, म्हणजे तात्यांना मोडता येईल.

अर्धी भाकरी संपली. मग तात्या म्हणाले, "आक्का, दीड-दोन वर्षं झाली, मी असा जेवलो न्हाई." आक्काबाई म्हणाल्या, मग आता नीट जेव, बोलू नकोस.

तेवढ्यात फोन वाजला. संस्कृती होती. तात्या जेवले का, म्हणून तिनं विचारलं. तात्या म्हणाले, जेवतोय. ती म्हणाली, एकटेच? तात्यांनी आक्काबाईंकडं पाहिलं आणि सांगितलं, न्हाई गं बाळ, पंगत बसलीय. मग तिनं हळूच विचारलं, तांबडा कापला का? तात्या म्हणाले, तुझा तांबडा हाय डालग्याखाली, त्याला कुनी हात लावला न्हाई. पलीकडून पोरीनं लगेच पुढचं विचारलं. 

"तात्या, श्रावण कधी संपतो? तो संपल्यावरच यायचं का?"

आक्काबाईंचा घास हातातच राहिला. तात्या म्हणाले, "संपतो गं. तू ये. कोंबडा कापायला न्हाई, नुसती बघायला ये."

आता श्रावण चालू आहे. उरलेला करडा पिंजऱ्यात, तांबडा माझ्याखाली. मी फार दिवसांचा सोबती नाही, तार ओढलेलं डालगं किती टिकणार. माझं माझ्यासाठी काही मागणं नाही. मला जाळीच्या पिंजऱ्याची मूठही नको. पण तुमचं कुणी गावाकडं असेल, आणि त्यानं तुमच्यासाठी काही झाकून, राखून ठेवलं असेल, तर त्याला फोनवर 'तुम्ही खा' असं सांगू नका. ते खात नाहीत. मी डोळ्यांनी बघितलंय. येता आलं तर या, आणि आल्यावर त्यांच्या ताटाशी बसा, मग तुमच्या ताटात चटणी-भाकरी असली तरी चालेल.

एक सांगायचं राहिलं. काल तात्यांनी माझ्यावरचा जुना धोंडा काढून बाभळीखाली ठेवला आणि ओढ्यातून दुसरा आणला. चांगला लहान आहे. आक्काबाई म्हणाल्या, अरे हा मुंगूस सहज पाडील. तात्या म्हणाले, पाडू दे, पन पोरीला एकटीला उचलता आला पायजे. मुंगसाची काळजी त्यांनी करू नये. मी मातीत घट्ट रुतून बसतो आहे.