चिकटवलेली सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इतिहासाचा ग्रंथ आहे आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावं अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. मला ते आज जमणार नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. सोळा-सोळा पानांचे फर्मे छापले, घड्या घातल्या आणि एका बाइंडरने ते दोऱ्याने शिवून मला पाठ दिली. मग मी या गावच्या वाचनालयात आलो. जगभरचे लोक कसे राहतात, कोणाला देव मानतात, कशावरून भांडतात आणि त्यांचे पुढारी त्यांना कसे भांडायला लावतात, हे सगळं माझ्या पोटात आहे. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. पोस्टमन टपाल वाटून झालं की यायचा आणि उभ्यानेच वाचत राहायचा. दोन शिक्षक माझ्यावरून हमरीतुमरीवर यायचे. माझे कोपरे दुमडले, अंगावर चहाचे डाग पडले, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग वाचनालयाला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांनी मला कधी उघडलं नव्हतं. पण दाढी करून घेताना त्यांच्या कानावर आलं की माझ्यात नदीपलीकडच्या लोकांची बाजू मांडली आहे. अहो, बाजू कसली, घडलेली हकीकत होती ती. दुसऱ्या दिवशी ते तरातरा आले.

"फाडू नका, उगाच बोभाटा होईल," त्यांनी बाइंडरला सांगितलं. "चिकटवून टाका."

पान २०९ ते २२४, अख्खा एक फर्मा. बाइंडरने मान खाली घालून चिकटवला. ज्या हातांनी मला शिवलं, त्याच हातांनी माझं तोंड बंद केलं.

बाहेरच्या दोन बाजू तेवढ्या उघड्या राहिल्या. आता पान २०९च्या शेवटी काय आहे बघा: 'दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांत सोयरिकी करत होती.' आणि पान २२४ची सुरुवात: 'तेव्हापासून दोन्ही काठांचं बोलणं बंद आहे.' मधे काय झालं? अकरा वर्षांत एकालाही हा प्रश्न पडला नाही. अंगठ्याखाली पुठ्ठ्यासारखं जाड पान लागायचं आणि लोक खुशाल पुढे जायचे. अध्यक्षांपेक्षा मला या लोकांचा जास्त राग येतो.

मग एके दिवशी रुग्णालयातली एक परिचारिका आली. तिच्या वॉर्डात नदीपलीकडचा एक म्हातारा होता. बेशुद्ध असताना त्याला आणलं होतं. शुद्धीवर आल्यापासून त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं आणि गोळी काही तो घेत नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवसांत औषध पोटात गेलं नाही तर ते जातील," ती ग्रंथपालबाईंना म्हणाली. "का घेत नाहीत विचारलं, तर म्हणतात, तुमच्या दवाखान्यालाच विचार."

नदीपलीकडची हकीकत माझ्यातच होती, म्हणून बाईंनी मला तिच्यापुढे ठेवलं. तिने चिकटलेली पानं चाचपली.

"तेवढी सोडून वाच ना गं," बाई म्हणाल्या. "सगळे तसंच वाचतात."

"सगळ्यांच्या वॉर्डात तो म्हातारा नाहीये, बाई."

ती मला पिशवीत घालून थेट बाइंडरच्या घरी गेली. तोही आता थकला होता. त्याने कडेवरून बोट फिरवलं.

"गोंद नाही लावलेला मी. कणकेची खळ आहे, तीही पातळ. किटलीची वाफ दाखव, सुटेल." मग तो म्हणाला, "कोणीतरी येऊन विचारेल म्हणून अकरा वर्षं वाट बघतोय."

मला त्याचाही राग आला. वाट कसली बघत बसला होता? त्याचं तोंड तर कोणी चिकटवलं नव्हतं.

तिने स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून एकेक पान सोडवलं आणि वाचलं. लढाईच्या वर्षी पलीकडच्या जखमींना नावेतून इथे आणलं होतं, याच रुग्णालयात. फाटक उघडलं नाही. बाहेर सात जण मेले.

सकाळी ती मला घेऊन म्हाताऱ्याजवळ बसली.

"आजोबा, मला हे माहीत नव्हतं. काल वाचलं."

मग तो वळला आणि ओळींवर बोट ठेवून सावकाश वाचू लागला. एका जागी बोट थांबलं.

"सात नाही," तो म्हणाला. "नऊ. माझी दोन मुलं धरून."

खिशातली पेन्सिल काढून तिने माझ्यातला 'सात' खोडला आणि वर 'नऊ' लिहिलं. ते त्याने नीट बघितलं.

"आण ती गोळी," तो म्हणाला.

म्हातारा वाचला. आणि मित्रांनो, मी चुकलो होतो हे मी लपवत नाही. म्हणून नुसतं वाचून थांबू नका. ज्यांच्याबद्दल वाचलंत, त्यांना जाऊन विचारा. पण आधी वाचा तरी.

अध्यक्षांना हे कळलंच. त्यांनी पुन्हा चिकटवायचा हुकूम काढला आहे. जुन्या बाइंडरने या वेळी चक्क नाही म्हटलं, त्यामुळे सोमवारी दुसरा येणार आहे. त्याच्याकडे तो पांढरा, पक्का गोंद आहे, जो वाफेला दाद देत नाही.

आज शनिवार आहे, उद्या सुट्टी. मी दारासमोरच्या टेबलावर आहे. वाचनालय सहा वाजता बंद होतं.