पिवळी नस

बशीतल्या नकाशावरची पिवळी नस दिवा स्टेशनाकडे, देवरामच्या घराकडे, जाता जाता बारीक होत गेली होती, आणि तो भिंग धरून तिच्याकडे बघत असतानाच शेजारच्या तुळसाचा फोन आला — "भाऊजी, लाइट सकाळपासनं गेलेली, वहिनींचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं... तुम्ही या." या म्हणाली, लवकर या म्हणाली नाही. त्यावरूनच त्याला कळलं.

बायकोचं, मीराबाईचं, मरणानंतरचं पुण्यानुमोदन उरकून तो वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत परत आला, तर काम तेच होतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा नकाशा, त्यावर ओला थर, आणि जिथे विजेची जेवढी मागणी तिथे तेवढा मोठा ओटचा दाणा. मग तो जीव सोडायचा — पिवळा, लिबलिबीत, ना झाड ना प्राणी. खाणं असेल तिकडे तो नसा पसरतो. भरपूर मिळालं तिथे नस जाड करतो, कमी मिळालं तिथून आवरून घेतो. त्या नसांवरून मृणाल मॅडम विजेच्या केबली कुठून न्यायच्या ते सुचवायच्या. "त्याला डोकं नाही, काका, म्हणून तो कुणाची भीड ठेवत नाही." मागच्या खेपेला त्या जीवाने दिवा सोडून दिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "शहाणा आहे." तेव्हा मीरा होती, म्हणून देवरामला तो विनोद वाटला...

आज त्यांनी नवी बशी पुढे सरकवली. "या वेळी दिव्याला मोठा दाणा ठेवा. तिथे जाड नस आली तर मला विजेची दुसरी लाइन मागता येईल. काकूंसाठी म्हणून."

काकूंसाठी. काकूंना आता कशाला लाइन?

चिमट्यात दाणा होता. सकाळी निघताना तुळसाच्या घरातून मशीनचा आवाज येत होता — मीराचंच मशीन. घरातली माणसं पांगायच्या आतच तुळसाने विचारलं होतं, "पडूनच राहणार ना, भाऊजी? आमच्या मामंजींना होईल." त्यानेच उचलून नेऊन दिलं. आता म्हातारा तीच नळी नाकात घालून दार उघडं टाकून टीव्ही बघतो, आवाज वाढव म्हणून सुनेवर खेकसतो. मीरा त्या नळीला लाजायची, कुणी आलं की तोंडावर पदर घ्यायची... दुसरी लाइन आली की हा जगेल. तिच्या मशीनवर हवा ओढत, बातम्या बघत, खुशाल जगेल.

चिमटा दिव्यावर येऊन थांबला. आपण वाईट माणूस नाही, असं तो मनाला सांगून बघत होता, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल सांगितल्यासारखं वाटत होतं. हा जीव तरी कुठे सूड घेतो? जिथे आपलं काही उरलं नाही तिथून अंग काढून घेतो, एवढंच. माझंही दिव्यात काय उरलंय... आणि हे मनात आलं तशी, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, त्याची छाती हलकी झाली. तिला नाही तर कुणालाच नाही.

"झालं का, काका?"

"बघतोय," तो म्हणाला.

ठाण्याचा, डोंबिवलीचा, कल्याणचा दाणा ठेवून झाला होता. दिव्याचा ठेवायचा राहिला होता.